तेल काढायचं कधी?

अण्णा आयुष्यात पहिल्यांदा पालथे झोपले ते वयाच्या 74 व्या वर्षी. उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून पडदा सरकत आल्यासारखं वाटतंय म्हणाले, म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर डोळ्याचा पडदा खरोखरच सुटलेला निघाला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून टाकला, पडदा जागेवर बसवला आणि तो तिथंच राहावा म्हणून डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं. हे तेल पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. माणूस पालथा झाला की ते तरंगत डोळ्याच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकतं आणि पडदा दाबून धरतं. त्यामुळे आठ दिवस खाली मान घालून झोपायचं, खाली मान घालूनच जेवायचं. आईनं रेडिओ टेबलावरून काढून फरशीवर ठेवला. आवाज काय कुठूनही आला असता, पण अण्णांना बोलणाऱ्याकडे बघितल्याशिवाय ऐकू येत नाही.

‘आता खरंच डोळ्यात तेल घालून राखण करायची म्हणा,’ हा विनोद त्यांनी भेटायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवला.

अण्णा साखर कारखान्यात काट्यावर होते. तेहेतीस वर्षं उसाच्या गाड्या मोजल्या. भरलेली गाडी काट्यावर, मग गव्हाणीत खाली करून परत तीच गाडी रिकामी काट्यावर. दोन वजनं झाल्याशिवाय पावती फाडायची नाही. ऑपरेशननंतर सर्जन बघायला आले, तेव्हा अण्णांनी उशीत तोंड असतानाच विचारलं, ‘भरलं किती?’

‘साधारण चार-पाच मिली असेल.’

‘आणि काढायचं कधी?’

डॉक्टर हसले. म्हणाले, ‘काका, लोक आधी विचारतात, दिसणार कधी.’ पण उत्तर दिलं त्यांनी. तीन ते सहा महिन्यांत काढू. जास्त दिवस राहिलं तर त्याचे बारीक बारीक थेंब सुटायला लागतात, डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो, काचेला म्हणजे पारपटलाला त्रास होतो. अण्णांनी मला डायरी काढायला लावली आणि तारखेपुढे लिहून घेतलं, ‘तेल भरले.’ शेजारचा रकाना मोकळा ठेवायला सांगितला.

हे सगळं लिहायचं कारण माझी मामेबहीण. ठाण्याला असते, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, एका ऑफिसात रिसेप्शनवर. गेल्या वर्षी डेंग्यू झाला, वजन उतरलं. वजन परत आलं, पण गाल काही परत आले नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईनं वाण हातात देता देता विचारलं, ‘गाल बसले गं तुझे, बरं नसतं का?’ तिनं ते इतकं हसत हसत मला फोनवर सांगितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. महिन्याभरानं दुसरा फोन. ओळखीतली एक बाई आहे, घरीच करते, गाल भरून देते. गाल भरायला दवाखान्यात टोचतात त्या फिलरसारखं दर वर्षी पैसे घालवायला नको, हे एकदाच घ्यायचं आणि कायमचं. निम्म्या पैशांत. मी विचारलं, इंजेक्शनमध्ये काय असतं?

‘सिलिकॉन. ताई, मेडिकलचं आहे. अण्णांच्या डोळ्यात घातलंय तेच तर! डोळ्यासारख्या नाजूक जागी चालतं, मग गालात घातलं तर काय होतंय?’

प्रश्न बिनतोड होता. मला पटकन उत्तर सुचलं नाही. आणि माझा तर धंदाच हा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत आमच्याकडे येतो. त्यातलं पाणी काढायचं, झायलीन नावाच्या द्रावकातून न्यायचा, मग वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवायचा. मेण गार झालं की छोट्या वडीसारखा ठोकळा होतो. त्याचे मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलायचे, रंगवायचे. निदान आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम करतात. पण वीस वर्षं रंगवलेल्या काचा बघून डोळा तयार होतोच. काही काचा लक्षात राहतात.

एक राहिली आहे. गालातली गाठ, बाई पन्नाशीतली, कागदावर ‘पूर्वेतिहास : काही नाही’. सर्जनला कॅन्सरची शंका होती. मी काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि पहिला विचार आला तो आंबोळीचा. सगळ्या मांसाला आंबोळीसारखी जाळी पडली होती. लहानमोठी गोल भोकं, रिकामी. कडेनं पेशींची दाटी, त्यात ठिकठिकाणी एकाच पोटात दहा-पंधरा केंद्रकं असलेल्या अजस्र पेशी. मॅडमनी मिनिटभर बघितलं, कंडेन्सर म्हणजे उजेड एकवटणारं भिंग खाली-वर करून एका भोकातला चकाकणारा अंश बघितला आणि सर्जनना फोन लावला. ‘त्यांना जरा एकटं बसवून विचारा, चेहऱ्यात कधी काही भरून घेतलं होतं का.’ घेतलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात असताना, कुणाच्या तरी घरी. बाई विसरल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तो ‘पूर्वेतिहास’ नव्हता, इतकंच.

ती भोकं म्हणजे सिलिकॉनचे थेंब जिथे बसले होते त्या जागा. आमच्या झायलीन-बियलीनमध्ये तेल बरंचसं निघून जातं, घर तेवढं राहतं. आणि भोवतीची दाटी ही शरीराची माणसं. बाहेरचं काही आत आलं की पांढऱ्या पेशी ते गिळायला जातात. जंतू असेल तर पचवतात. सिलिकॉन पचत नाही, कुजत नाही, विरघळत नाही. एकीला जमलं नाही की चार जणी एकमेकींत मिसळून मोठी पेशी करतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. जमतच नाही. मग भोवती जाड तंतूंचं कुंपण. याला म्हणतात ग्रॅन्युलोमा. कधी काही महिन्यांत होतो, कधी दहा-वीस वर्षांनी. मधल्या काळात चेहरा छान असतो, आणि हीच त्यातली फसवणूक आहे, कारण बाई तोवर चार मैत्रिणींना पत्ता देऊन मोकळी झालेली असते. मग कधी दाढ काढली, कधी कसला संसर्ग झाला, की इतकी वर्षं गप्प बसलेलं तेल जागं होतं. गाल लाल होतो, दगडासारख्या गाठी येतात, कधी कातडी फुटून वाहायला लागते. क्वचित या गाठींमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्रास थेट मूत्रपिंडापर्यंत जातो. आता गालाचा आणि मूत्रपिंडाचा संबंध कोण लावणार?

माझ्या रोजच्या पॅराफिनचं मात्र मला उशिरा कळलं. चेहऱ्यात काहीतरी टोचून भरायची सुरुवात याच मेणापासून झाली. 1899 मध्ये व्हिएन्नाचे सर्जन रॉबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलीन म्हणजे मऊ पॅराफिन टोचून शरीरातली पोकळी भरून दाखवली, आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत सुरकुत्या आणि बसकी नाकं मेणानं भरायची टूम निघाली. ग्लॅडिस डीकन नावाची अमेरिकन तरुणी तेव्हा पॅरिसमध्ये रूपासाठी गाजलेली होती. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत ग्रीक पुतळ्यासारखी सरळ रेषा हवी म्हणून विशीच्या सुरुवातीला तिनं नाकाच्या वरच्या भागात मेण भरून घेतलं. मेण तिथं राहिलं नाही. नाकावरून उतरत उतरत खाली गेलं, चेहरा विद्रूप झाला. पुढे 1921 मध्ये ती ड्यूक ऑफ मार्लबरोची बायको झाली. त्यांच्या इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्याच्या दारावरच्या छताला 1928 मध्ये मोठे मोठे डोळे रंगवून घेतले, ते अजून तिथं आहेत. त्यातले निळे डोळे तिचे. चेहऱ्यातला तेवढाच भाग रंगवून घेण्यासारखा उरला होता की काय, असं मला ते वाचताना वाटलं. माझा हा तर्क, इतिहासात तसं काही लिहिलेलं नाही.

मेणानं गाठी होतात, ते सरकतं, हे कळल्यावर डॉक्टरांनी ते सोडलं. पण टोचून भरायची हौस सुटली नाही, फक्त पदार्थ बदलला. सिलिकॉन मुळात वाळूच्या पोटातलं. नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक किपिंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं या संयुगांवर घालवत होते आणि यातून व्यवहारात फारसं काही निघेल असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं. दुसरं महायुद्ध आलं, विमानांच्या इंजिनांना उष्णतेत-थंडीत टिकणारा विद्युतरोधक हवा होता, आणि 1943 मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी खास सिलिकॉनसाठीच उभी राहिली. युद्धानंतर जपानमध्ये ट्रान्सफॉर्मरसाठीचं द्रव सिलिकॉन बंदरावरून गायब होऊ लागलं आणि बायकांच्या छातीत सापडू लागलं, असं सांगतात. ते सरकू नये म्हणून तिथल्या काहींनी एक युक्ती काढली. त्यात मुद्दाम दुसरी तेलं, मेदाम्लं मिसळायची, म्हणजे शरीर चिडेल, भोवती कुंपण घालेल आणि माल जागेवर राहील. माझ्या काचेवर दिसलेला आजार तिथं खुंटीसारखा वापरला होता. हे वाचून मी पुस्तक मिटून चहा करायला उठले.

साठच्या दशकात ही लाट अमेरिकेत पोचली. सॅन फ्रान्सिस्को, लास वेगासच्या नाचणाऱ्या मुली, मग सामान्य बायका. परिणाम इतके वाईट निघाले की नेवाडा राज्यानं सत्तरच्या दशकात अशी इंजेक्शनं देणं हा फौजदारी गुन्हा ठरवला. गंमत अशी, की त्याच साठच्या दशकाच्या सुरुवातीला, 1962 मध्ये, पॉल सिबिस यांनी सुटलेल्या पडद्यासाठी डोळ्यात सिलिकॉनचं तेल वापरून बघितलं होतं. म्हणजे अण्णांचं तेल आणि त्या मुलींचं तेल तसं एकाच वयाचं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं टोचायच्या सिलिकॉन तेलाला मान्यता दिली ती आजही डोळ्याच्या आतल्या वापरापुरतीच. 2017 मध्ये त्यांनी जाहीर इशाराच काढला, की शरीराला आकार द्यायला हे टोचून घेऊ नका, जन्माचं दुखणं होईल, जीवही जाऊ शकतो.

जीव जातो तो मुख्यतः मोठ्या प्रमाणात टोचल्यावर, नितंबांत वगैरे. तेल शिरेत शिरतं, फुप्फुसात जाऊन अडकतं, ताप, धाप, बेशुद्धी. ब्राझीलमध्ये, अमेरिकेत यात ट्रान्स स्त्रिया फार गेल्या. दवाखान्याची पायरी त्यांना कुणी चढू देत नव्हतं, आणि आपल्यातलीच एखादी, स्वस्तात, घरी, कारखान्यातलं सिलिकॉन भरून देत होती. त्यांना मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही. पैसा आणि ओळखी असलेलेही फसतातच की. गायक एल्विस प्रेस्लीची एके काळची पत्नी, अभिनेत्री प्रिसिला प्रेस्ली, हिच्या चेहऱ्यात टोचणाऱ्या माणसाकडे अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना नव्हता. श्रीमंत बायकांच्या घरी पार्ट्या व्हायच्या, तिथं हा सुया घेऊन यायचा. त्यातलं द्रव्य औद्योगिक सिलिकॉन निघालं, यंत्रांना वंगण म्हणून वापरतात त्या जातीचं. तो तुरुंगात गेला. सिलिकॉन तिच्या गालात.

सगळेच डॉक्टर याच्या विरुद्ध आहेत असंही नाही. अमेरिकेत काही त्वचारोगतज्ज्ञ शुद्ध सिलिकॉनचे अगदी सूक्ष्म थेंब, एकमेकांपासून अंतर ठेवून, महिन्या-महिन्यांच्या फरकानं टोचतात, आणि एचआयव्हीमुळे गाल खोल गेलेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं सांगतात. ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. पण त्यांच्याही थेंबाला परतीचा रस्ता नाही.

हेच मी बहिणीला सांगायला हवं होतं आणि फोनवर मला नीट सांगता आलं नाही. मग रात्री बसून मेसेज लिहिला, कापून कापून छोटा केला. डोळा ही बंद खोली आहे. तेल त्या खोलीत भरतात, एका पोकळीत, आणि तिथूनच पुन्हा ओढून काढतात. गालात पोकळी नसते. चरबी, स्नायू, शिरा, चेहरा हलवणाऱ्या नसा, सगळं एकात एक. तिथं टोचलेलं तेल कणकेत मुरलेल्या मोहनासारखं होतं. मोहन काढून दाखव. काढायचंच तर कणकेचा तुकडाच काढावा लागतो, म्हणजे गाल कापायचा, आणि सोबत एखादी नस गेली तर तोंड वाकडं. स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन गाठी दबतात, औषध थांबलं की परत येतात.

दुसरं सांगितलं ते रक्तवाहिन्यांचं. नाकाच्या बाजूनं, भुवयांच्या मधून जाणाऱ्या बारीक धमन्या आत डोळ्याकडे जाणाऱ्या धमनीला जोडलेल्या असतात. सुई चुकून अशा धमनीत गेली आणि जोरात दाब दिला, तर द्रव्य रक्ताच्या उलट दिशेनं ढकललं जातं आणि डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी बुजते. पडदा तासा-दीड तासात मरायला लागतो. अण्णांचा पडदा सुटला होता, तो बसवता आला. मेलेला पडदा बसवून काय करणार? हा धोका फक्त सिलिकॉनचा नाही, कुठल्याही फिलरचा आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिलं. फरक इतकाच, की नेहमीच्या फिलरमधलं हायलुरॉनिक आम्ल आपल्या शरीरात मुळातच असतं. 1934 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं तेही गाईच्या डोळ्यातल्या जेलीतून. ते वर्षभरात हळूहळू विरतं, आणि गडबड झालीच तर हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचून विरघळवता येतं. दर वर्षी पैसे जातात ते या सोयीचे. शेवटी लिहिलं : तिला फक्त एवढंच विचार, की नाही आवडलं तर हे काढायचं कसं आणि कधी.

उत्तर आलं नाही. निळ्या खुणा झाल्या, बस. दोन दिवसांनी तिनं एका बाटलीचा फोटो पाठवला. पाण्यासारखं नितळ द्रव, रबरी बूच, लेबल नाही. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मेडिकल ग्रेड.’ मी फोन केला, उचलला नाही. मामीला सांगावं का, याचा चार वेळा विचार केला. एकेचाळीस वर्षांच्या बाईची तक्रार तिच्या आईकडे करायची? नाही केली.

पाचव्या महिन्यात अण्णांचं तेल काढलं. त्याआधी त्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागत होता, कारण तेलातून प्रकाश वेगळा वाकतो. तेल गेल्यावर तो चष्मा निरुपयोगी झाला, तर त्याचे पैसे वाया गेले म्हणून अण्णा हळहळले. ऑपरेशन झाल्यावर सर्जननी बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, की पडदा जागेवर आहे, पण परत सुटण्याची शक्यता थोडी असतेच, लक्ष ठेवा. अण्णांना बाहेर आणल्यावर त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्यानं सर्जनकडे बघत विचारलं, ‘सगळं निघालं?’

‘निघालं, काका.’

‘म्हणजे चार-पाच मिली?’

घरी आल्यावर डायरी मागितली. मोकळ्या रकान्यात स्वतःच्या हातानं तारीख घातली. ओळीवरून अक्षर घसरलं होतं, पण ओळीच्या आसपास होतं.

दिवाळीत मामा-मामी आले, बरोबर ती पण. फराळाची ताटं झाली तेव्हा ती अण्णांच्या समोरच बसली होती. मी शंकरपाळ्याच्या डब्याआडून तिचा चेहरा बघत होते, काच बघावी तसा. डावी बाजू, उजवी बाजू. हसताना खळगा सारखा पडतो का, कुठं चकाकी आहे का, कातडी ओढलेली दिसते का. दिव्याच्या उजेडात काही कळेना. काजळ-पावडर नेहमीपेक्षा जास्त होती.

अण्णांनी डोळे बारीक करून तिला न्याहाळलं. नवा डोळा ते सगळ्यांवर आजमावत होते.

‘काय गं, किती वाळलीस. गाल कुठं गेले तुझे?’

मी ताटाखालून त्यांचा पाय दाबायला गेले तो मामांचा लागला. ती हसली, मोठ्यानं, आणि रिकामी वाटी उचलून आत गेली. मी मागोमाग. ओट्याशी ती पाठमोरी उभी होती. वळली, माझा हात मनगटाला धरून वर नेला आणि स्वतःच्या गालावर ठेवला.

‘बघ,’ म्हणाली. ‘रिकामी गाडी आहे.’